चतुर्थीच्या कोरेजवळचा शुक्र

संध्याकाळी पश्चिमेला चंद्रकोर आणि शुक्र अगदी जवळ दिसतील, दुर्बिणीची गरज नाही, अशी चार ओळींची बातमी आमच्या रत्नागिरीच्या कार्यालयातून गेली. तिथी कोणीच पाहिली नव्हती. बातमी छापून आली ती नेमकी गणेश चतुर्थीच्या सकाळी. चतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा खोटा आळ येतो, असं इथे घराघरांत मानतात. गणपतीची पूजा उरकायच्या आतच फोन सुरू झाले.

"आळ आला तर जामीन तुम्ही राहणार काय वो?" एका वाचकाने विचारलं.

मी ते घरात हसत सांगितलं, पण त्यावर कोणी हसलं नाही. माझा थोरला भाऊ मिरजोळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथून तांब्याच्या तारेची रिळं नाहीशी झाली होती. किल्ली दादाकडे, म्हणून संशयही त्याच्यावर. सण झाला की चौकशी होती आणि नोकरी राहणार की जाणार, ते तिथेच ठरणार होतं. वहिनीने दुपारीच पश्चिमेच्या खिडक्या लावून घेतल्या.

भाद्रपदात आमच्याकडे आकाश सहसा मोकळं मिळत नाही. त्या दिवशी सूर्य बुडाला आणि ढग बाजूला झाले. वाडीतली माणसं पाऊस नसताना छत्र्या उघडून, पश्चिमेकडे तिरप्या धरून आरतीला निघाली होती. मी घरापुढच्या खळ्यात उभा होतो. दादा बाहेर आला. आकाशाचा नाद त्याला शाळेपासूनचा.

"अहो, आत या," वहिनी दारातून म्हणाली. "आज नको."

"आळ यायचा तो आलाय. आता चंद्र आणखी काय करणार?"

"चौकशी व्हायचीय अजून. माझ्यासाठी तरी नको."

दादा थांबला. पश्चिमेकडे पाठ करून पायरीवर बसला आणि मला विचारू लागला.

"शुक्र कुठल्या अंगाला?"

मी सांगितलं.

"हात लांब केलास तर मधे बोट मावेल?"

"नाही मावणार."

"एवढं जवळ?" हे वहिनीने विचारलं. ती मान खाली घालून पायरीपर्यंत आली होती. "भावोजी, नुसती चांदणी बघितली तर चालतं ना?"

"चांदणीबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही."

तिने एक डोळा मिटला, तळहात पुढे धरला आणि हळूच मान वर केली. हात डावीकडे नेला, उजवीकडे नेला. मग करंगळीने प्रयत्न केला.

"कोर झाकली की चांदणीपण जाते हो."

"मग राहू दे," दादा म्हणाला. "आत जा तू."

ती गेली नाही. थोड्या वेळाने तिने हात खाली घेतला आणि दोन्ही डोळ्यांनी सरळ समोर पाहिलं.

"वळा आता," ती म्हणाली. "काय यायचं ते दोघांवर येऊ दे."

दादा उठून तिच्या शेजारी उभा राहिला. मग वहिनीने विचारलं, "कोरेच्या आत तो वाटोळा काळसर भाग दिसतोय, तो कसला?"

तो पृथ्वीचा उजेड, दादा सांगू लागला. आपल्यावर पडलेलं ऊन परतून तिकडे जातं. शेजारच्या घरात आरती सुरू झाली होती. वहिनीला अजून विचारायचं होतं.