ताठ उभी डोलकाठी

सकाळी सहाला सगळ्या धक्क्याची ताई धाकट्या भावाच्या शिडाच्या बोटीवर उताणी पडून डोलकाठी सरळ आहे का ते बघत होती. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचं हे पहिलंच काम. काठीला धरून ठेवणाऱ्या तारा नीट ताणता आल्या नाहीत, तर धक्क्यावरची कामं देणारा मुकादम तिला कायमचं घरी बसवणार होता.

"आणखी आवळ की, गिटारसारख्या वाजू देत," भाऊ म्हणाला.

"मग गिटारच घ्यायची होतीस, गाढवा. जास्त आवळलं तर काठी वाकते."

तिने तारा ताणायचे दोन्हीकडचे स्क्रू सारखेच, अर्धा अर्धा फेरा फिरवले आणि बोट समुद्रात नेली. जोराच्या वाऱ्यात बोट कलली, तरी वाऱ्याआडची, कललेल्या बाजूची तार सैल पडून लोंबली नाही; ताण बरोबर बसला होता.

"मानलं, ताई!" भाऊ ओरडला.

उद्या सकाळी आठला मुकादमाने तिला शेजारच्या बोटीच्या तारा ताणायला बोलावलंय.