आठशे शेहेचाळीस लोकांचा निवाडा

ईरण्णा हेब्बळ्ळीला नऊ वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्याबद्दल पगार मिळत होता. धारवाडात हे काम पुष्कळ लोक फुकट करतात, त्यामुळे त्याची नोकरी नेमकी कशाची आहे हे आमच्या सप्तापुरात कुणाला कधी नीट पटलं नाही. बेंगळुरूच्या एका कंपनीचे कॉम्प्युटरवरचे खेळ बाजारात जाण्याआधी तो खेळून बघायचा. पळणारा शिपाई भिंतीतून आरपार गेला किंवा मेलेला राक्षस उठून पुन्हा हिशोबात आला, की तसं लिहून पाठवायचं. आई वारली तेव्हा बाप एकटा राहिला म्हणून तो गावी परत आला आणि हेच काम वरच्या खोलीत बसून करू लागला. लग्न राहिलं ते राहिलंच.

बाप म्हणजे चन्नवीरप्पा मास्तर, नवलगुंदच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलेले. खालचा मजला त्यांनी मला भाड्यानं दिला त्यालाही आता पंचवीस वर्षं होतील. गौरव्वा गेल्यावर वर्षभरात मास्तरांची आठवण जाऊ लागली. पाढे शाबूत राहिले आणि बायको मेलेली तेवढी विसरले. दिवसातून दहा-बारा वेळा विचारायचे, "तुझी अव्वा कुठं गेली रे?" खरं सांगितलं की ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. पाव तासानं डोळे पुसून पुन्हा तोच प्रश्न.

ईरण्णाची थोरली बहीण नीलांबिका गदगला शाळेत शिकवते. ती आली की दर वेळी खरं सांगायची. मास्तरांना खोटं सांगणं म्हणजे त्यांना बैलाच्या जागी धरणं आहे, असं तिचं म्हणणं होतं. ईरण्णा महिनाभर खरं सांगून थकला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली, "अण्णिगेरीला माहेरी गेलीय अप्पा, सोमवारी येईल." मास्तर म्हणायचे, "बरं," आणि जेवायला बसायचे. घर शांत झालं. खाली मला टीव्ही ऐकू येऊ लागला.

एप्रिलमधल्या एका सोमवारी मास्तर धुवट धोतर नेसून, छत्री घेऊन बाहेर पडले. ईरण्णा वर कंपनीच्या बैठकीत कानाला यंत्र लावून बसला होता. मी ओट्यावर होतो. निघालात का, असं मी विचारलं. पाहुणे यायचेत, म्हणाले. जुन्या बसस्टँडवर ते दुपारी तीनपर्यंत अण्णिगेरीच्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला विचारत उन्हात उभे राहिले. मग पडले. संध्याकाळी दवाखान्यात वारले.

नीलांबिका रात्रीच्या आत पोचली. भावाला ती एवढंच म्हणाली, "तू त्यांना वेळापत्रक दिलंस ईरा." त्यानंतर ती या घरात आली नाही. फोन घेत नव्हती. पहिल्या वर्षाच्या पुण्यस्मरणाला मठातल्या स्वामींनी निरोप धाडला, तरी नाही. ईरण्णाला जगात तेवढंच एक माणूस उरलं होतं.

दुसऱ्यानं असल्या प्रसंगी दारू धरली असती किंवा देव. ईरण्णानं खेळ बनवला. त्यांच्या धंद्यात म्हणे हौशी लोकांच्या स्पर्धा असतात: आठ दिवसांत एक छोटा खेळ तयार करून जगापुढं टाकायचा, आणि जगानं तो खेळून अभिप्राय द्यायचा. याचा खेळ बारा मिनिटांचा, नाव 'सोमवार'. एक घर, एक म्हातारा, कधीमधी येणारी बहीण आणि म्हाताऱ्याचा एकच प्रश्न. खेळणाऱ्यानं दर वेळी दोनांतलं एक उत्तर निवडायचं, 'ती वारली' किंवा 'सोमवारी येईल'. काहीही निवडलं तरी शेवटी म्हातारा बसस्टँडवर जातोच, कारण खरं सांगितलेलं तो विसरतो आणि खोटं एकदा तरी कुणीतरी सांगतंच. मग काळ्या पडद्यावर प्रश्न येतो: मुलाचा दोष आहे का? खाली दोन चौकटी. शेजाऱ्यांपैकी येऊन कुणी विचारलं नव्हतं ते त्यानं जगाला विचारलं. मला त्या खेळात घेतलेलं नाही, हे मी खेळून पाहिलं तेव्हा कळलं.

खेळ बाहेर टाकण्याआधी त्यानं पाच-सहा जणांना समोर बसवून खेळायला लावलं, त्यांतला मी एक. या लोकांची एक रीत आहे. ज्यानं खेळ केला त्यानं मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. खेळणारा चुकला, अडला, चिडला, तरी समजावून सांगायचं नाही, फक्त वहीत लिहायचं. म्हातारा पाचव्यांदा तोच प्रश्न विचारतो तेव्हा मी वळून ईरण्णाकडे पाहिलं. तो वहीत लिहीत होता. नंतर मी म्हणालो, संवाद थोडे लांबलेत. तेही त्यानं लिहून घेतलं. बाकीच्यांचंही तेच मत पडलं आणि त्यानं ते मानलं.

जानेवारीत खेळ बाहेर पडला आणि अभिप्राय येऊ लागले. ईरण्णा ते मला संध्याकाळी चुरमुऱ्यांचं गिरमिट खाता खाता वाचून दाखवायचा. ब्राझीलमधल्या एकानं कळवलं होतं की खेळात दोष राहून गेलाय, म्हाताऱ्याचं एकच वाक्य चौदा वेळा येतं, दुरुस्त करावं. हुबळीच्या एका मुलीला अक्षरं बारीक वाटली. एकाला घरात कुत्रा हवा होता. एक जण म्हणत होता की बहीण फार डोकं खाते, तिला वगळायची सोय द्या. फिनलंडच्या कुणीतरी चार पानं लिहिली होती, त्यांतली साडेतीन स्वतःच्या आजीबद्दल. ते पत्र ईरण्णानं मोठ्यानं वाचलं नाही.

पण त्याचं लक्ष आकड्याकडं होतं. मार्चअखेर एक हजार चार लोकांनी खेळ पुरा केला होता आणि त्यांतल्या आठशे शेहेचाळीस जणांनी 'दोष नाही' ही चौकट दाबली होती. शंभरात चौऱ्याऐंशी. आपल्याकडं एवढ्या बहुमतानं कुणी निवडून आला तर लोक मतपेट्या तपासायला सांगतात. ईरण्णानं तो आकडा आणि निवडक पाच अभिप्राय छापून घेतले, पाकिटात घातले आणि गदगला रजिस्टर पोस्टानं धाडले. बहीण फोन घेत नव्हती. पोस्टमनला परत पाठवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आठ दिवसांनी तिचं कार्ड आलं. तिसऱ्या पुण्यस्मरणाला येते, जेवायला आहे, एवढंच. ईरण्णानं ते कार्ड मला दाखवलं. मग त्यानं घराला चुना काढला. गौरव्वाच्या वेळची पितळी ताटं चिंचेनं घासली. होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, करायला कमलापूरची एक बाई ठरवली. माणूस तीन वर्षांत प्रथम शीळ घालताना ऐकला. सूर बरा नव्हता.

पुण्यस्मरणाच्या दोन दिवस आधी एक अभिप्राय आला. लिहिणारा तक्रारखोर नव्हता, उलट नम्र होता. बाकीचे लोक शेवटच्या प्रश्नावर वाद घालताहेत, पण मला तर कुठलाच प्रश्न दिसला नाही, बसस्टँड झालं आणि खेळ संपला, असं का, एवढं त्यानं विचारलं होतं.

ईरण्णानं ते वाचलं आणि जेवण टाकून वर गेला. नऊ वर्षं ज्यानं हेच काम केलं त्याला फार शोधावं लागलं नाही. त्याच्या खेळात संवाद पुढं ढकलायला स्पेसबार दाबायचा. म्हातारा तेच तेच विचारू लागला की लोक कंटाळून ती कळ दाबून धरत. म्हाताऱ्याची वाक्यं न वाचता भराभर निघून जात. शेवटच्या प्रश्नावर उत्तर द्यायलाही तीच कळ होती, आणि पडदा उघडताना आधीच उजळलेली चौकट होती 'दोष नाही'ची. कळ दाबून धरलेल्या माणसाला निवाडा करायची गरजच नव्हती, तो होऊन जाई. दुसऱ्याच्या खेळात ही चूक त्यानं पन्नासदा तरी पकडली असेल. पहिली चौकट कुठली उजळायची हे ठरवताना मात्र त्यानं विचार केला नव्हता, की केला होता, हे त्याचं त्याला सांगता येईना.

कोण किती वेळ कुठं थांबला याची नोंद खेळ ठेवत असे. त्या हजार चारांतले आठशे अकरा लोक शेवटच्या प्रश्नावर एक सेकंदही थांबले नव्हते. उरले एकशे त्र्याण्णव. त्यांतल्या एकशे अठ्ठावन्न जणांनी 'दोष आहे' दाबलं होतं.

तो खाली आला आणि हे सगळं त्यानं मला मास्तरांच्या सुरात सांगितलं, रीत, उदाहरण, उत्तर. मग विचारलं, "अक्काला सांगू का सर?"

मी नको म्हणालो. ती येतेय, जेवतेय, तेवढं होऊ दे; खेळ दुरुस्त कर आणि विषय सोड. मला त्यात शहाणपण वाटलं होतं. ईरण्णानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे सोमवारी सांगू."

नीलांबिका सकाळच्या बसनं आली. पिशवीत जवारीच्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन, जणू इथं काही मिळत नाही. फोटोला विभूती लावली, हार घातला, स्वामींच्या पाया पडली. मलाही वाढलं. पानावर बसल्यावर ती भावाकडं न पाहता म्हणाली, "एवढी माणसं म्हणतात, तर दगड मीच असेन बाबा. शाळेत मी त्या पोरांचे पेपर तपासते, आणि हे शंभरातले चौऱ्याऐंशी मला तपासता येईनात." ईरण्णाच्या पानातली होळिगे तशीच राहिली. तिनं वर तूप घातलं. तीही तशीच राहिली.

हात धुऊन झाल्यावर त्यानं सांगितलं. कळ, चौकट, सेकंद, सगळं. तिनं पदराला हात पुसत ऐकून घेतलं.

"म्हणजे ती माणसं वाचतच नव्हती."

"नाही अक्का."

"आणि वाचणारी?"

त्यानं आकडा सांगितला. ती खुर्चीत बसली. कमलापूरची बाई आत भांडी आपटत होती.

"मी जेवेपर्यंत थांबलास," नीलांबिका म्हणाली. "याही वेळेला."

मग तिनं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "दाखव काय केलंयस ते."

वरच्या खोलीत ती कॉम्प्युटरपुढं बसली. कुठली कळ दाबायची एवढंच त्यानं दाखवलं आणि मागं जाऊन भिंतीला टेकला. मी दारात. तिनं कळ एकदाही दाबून धरली नाही. म्हाताऱ्याचं प्रत्येक वाक्य शाळेत वाचतात तसं स्पष्ट मोठ्यानं वाचत होती. म्हाताऱ्यानं विचारलं, तिनं 'ती वारली' निवडलं. पडद्यावरचा म्हातारा खांद्यावरच्या उपरण्यात तोंड घालून रडला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. नवव्यांदा की दहाव्यांदा तिचा आवाज बसला. नंतरची वाक्यं ती मनात वाचू लागली. शेवटून दुसऱ्या वेळी तिचं बोट थांबलं आणि तिनं 'सोमवारी येईल' दाबलं. म्हातारा 'बरं' म्हणाला. ईरण्णा काही बोलला नाही. बोलायची रीतच नव्हती.

बसस्टँड झालं. काळ्या पडद्यावर प्रश्न आला. नीलांबिका त्याच्यापुढं हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर मशिदीची बांग होऊन गेली. पडदा तसाच होता, दोन चौकटी तशाच.

"अप्पा असं बोलत नव्हते," ती अखेर म्हणाली. "आधी विचारायचे, 'जेवलास का?' मग अव्वाचं विचारायचे. प्रत्येक वेळी. तू ते गाळलंस."

"होतं आधी," ईरण्णा म्हणाला. "लांबतंय म्हणाले लोक. काढलं."

मी दाराच्या चौकटीकडं पाहू लागलो.

"किती लांबत होतं?"

"चार सेकंद. एका वेळेला."

नीलांबिका उठली. कॉम्प्युटर बंद कसा करायचा हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं तो तसाच राहू दिला. खाली येऊन पिशवी घेतली, भाकऱ्या ओट्यावर काढून ठेवल्या आणि चप्पल घातली. ईरण्णा स्टँडपर्यंत सोडायला निघाला, तर नको म्हणाली. पुढच्या वर्षी येशील का, असं त्यानं विचारलं. तेही विचारू नको, म्हणाली, आणि रिक्षात बसली.

त्याच आठवड्यात ईरण्णानं खेळ बदलला. 'जेवलास का?' परत आलं, चौदाही ठिकाणी. शेवटचा प्रश्न आणि दोन्ही चौकटी त्यानं काढून टाकल्या. आता म्हातारा स्टँडवर उभा राहतो, गाड्या येतात-जातात आणि खेळ तिथंच थांबतो. नोंदवहीतला एक हजार चारचा आकडाही त्यानं पुसला. नीलांबिकेची तेवढी नोंद ठेवली आहे, शेवटच्या प्रश्नावर बावीस मिनिटं, उत्तर नाही.

या एप्रिलला चौथं पुण्यस्मरण झालं. होळिगे केल्या नव्हत्या. पानं तीन मांडली होती. स्वामी जेवले, मी जेवलो. तिसरं ईरण्णानं दोन वाजेपर्यंत झाकून ठेवलं आणि मग कामवालीला दिलं. संध्याकाळी त्यानं खेळावरचे नवे अभिप्राय वाचून दाखवले, दोनच होते. एक म्हणत होता, पूर्वीपेक्षा लांबलाय. दुसऱ्याला कळत नव्हतं की खेळ संपला की बंद पडला.

"दुसऱ्याला काय कळवलंस?" मी विचारलं.

"तपासतोय म्हणून," ईरण्णा म्हणाला, आणि दिवा लावायला उठला.