तार काढून पाहा

शकीलभाऊ गेल्याचं त्यांच्या धाकट्या भावानं फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणाले आणि पुन्हा औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसले. असं कोणी म्हणतं का? पण मी म्हणाले. महिना होत आला, अजून रडू आलेलं नाही...

भाऊंचा चंद्रपूरला कॉम्प्युटर क्लास होता. मी भामरागडच्या दवाखान्यात नर्स. दरवर्षी नव्या मुली यायच्या. त्यांना गोंडी कळत नसे आणि पेशंटला दुसरं काही बोलता येत नसे. कुठं दुखतं, कसं दुखतं, हे सांगणारे शब्द मी गोळा केले होते. ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम भाऊंनी हौसेनं अंगावर घेतलं. अशा शब्दांच्या फाइलीला नियमांची एक वेगळी फाइल लागते, तिला डीटीडी म्हणतात. कोणत्या नोंदीत काय हवं, कोणत्या क्रमानं हवं, ते ती ठरवते. एक खूण इकडची तिकडे झाली की कॉम्प्युटर सगळंच नाकारायचा, आणि चूक दाखवायचा भलत्याच ओळीत. भाऊ त्याला जावईबापू म्हणत. रुसतो, पण कशावरून ते सांगत नाही.

मे महिन्यात ते सीडी घेऊन आमच्याकडे आले. चंद्रपूरला सुरळीत चालणारी फाइल इथं उघडेचना. खूप डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. नियमांची फाइल दूर कुठल्याशा सर्व्हरवर होती आणि दरवेळी कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून तिथं विचारायला जात होता. आमचा फोन तर कायमचा आजारी, पावसाळ्यात ठार बंद. म्हणजे ऐन तापाच्या दिवसांत नव्या मुली मुक्या त्या मुक्याच राहणार होत्या. मी शेजारच्या खोलीत धान्याची पोती रचत होते. भाऊ दारात येऊन उभे राहिले.

"एवढा तांदूळ काऊन भरून राह्यल्या, बाई?"

मी म्हटलं, नदी चढली, रस्ता बंद झाला, की कुठून आणू?

ते पोत्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग हिचं राशन बी घरातच ठेवा लागते."

चंद्रपूरला जाऊन ते नियमांची फाइल घेऊन आले, पाऊस लागायच्या आत. ती आमच्याच मशीनमध्ये ठेवली, शब्दांच्या फाइलीत तिचा पत्ता बदलला. मग भिंतीतली फोनची तार उपटली आणि फाइल उघडून दाखवली. त्या श्रावणात मी नदीपलीकडे अडकले असताना एका नव्या मुलीनं एका आईचा शब्द त्यात शोधला, आणि पोराला वेळेवर सलाइन लागलं. भाऊंना हे सांगितलं, तर त्यांनी विषयच बदलला.

शब्दांत दरवर्षी भर पडायची, म्हणून पावसाआधी त्यांचा फोन ठरलेला. "राशन भरलं का, बाई? तार काढून पाहा."

काल तांदूळ आला. पोती रचून झाल्यावर मी भिंतीतली तार काढली आणि फाइल उघडली. उघडली. तार परत लावायला हवी होती, पण ती हातात धरून मी नुसती बसून राहिले. तार काढलेली आहे, म्हणून भाऊंचा फोन लागत नसेल, असं थोडा वेळ वाटलं.