मे महिना, ट्वेंटी-फिफ्टी आणि एक चहा

आधी इब्राहिमचाचांचं नाव लिहून ठेवतो, मग बाकीचं. मालवणच्या किनाऱ्यावर माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे. चाचा जन्मभर जहाजावर ऑइलमन होते, म्हणजे इंजिनरूममधलं तेलपाणी बघणारे. आता जेट्टीपाशी बसून जाळी दुरुस्त करतात आणि विचारल्याशिवाय कोणाला काही सांगत नाहीत. मी विचारलं, एवढंच यात माझं कर्तृत्व.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली आणि बोअरवेलच्या गाडीवर मेकॅनिक झालो. एका बोअरच्या कामाला इकडे आलो, तेव्हा बाबीशेठनी ठेवून घेतलं. त्यांची पॅरासेलिंगची बोट आहे. माणसाला पॅराशूट बांधायचं, दोर बोटीला, बोट जोरात पळवली की माणूस पतंगासारखा वर. त्यासाठी बोटीच्या मागे दीडशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन टांगलेलं आहे. शेठ त्याला 'मशीन' म्हणतात आणि मला 'हिंगोली'.

मे लागला आणि ऑइल बदलायची वेळ आली. शेठ म्हणाले, "हिंगोली, औंदा जाड तेल घाल. उन बघतंस मा? पातळ तेलाचा पाणी होतला."

तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिल्यावरून थंड इंजिनात तेल किती सहज वाहील ते कळतं, दुसऱ्यावरून गरम झाल्यावर ते किती जाड राहील. या मशीनला टेन-थर्टी लागतं, तेही बोटीसाठी बनवलेलं, कारण त्यात गंज रोखणारं औषध असतं. शेठनी आणलं ट्रकचं ट्वेंटी-फिफ्टी. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आमच्याकडे उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या बॉनेटला हात लावता येत नाही, तिथे आम्ही जाडच घालतो. शिवाय मी शेठच्याच शेडमध्ये राहतो. वाद घालून जाणार कुठे? घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिपस्टिकने, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीने बघितलं तर तेल कमी. थोडं घातलं. तिसऱ्या दिवशी परत कमी. परत घातलं. शेठना त्याचं कौतुकच वाटलं. "मोठा मशीन आसा, खातलाच," म्हणाले.

पाचव्या दिवशी सांगलीच्या एक शिक्षिकाबाई वर होत्या. बोट फुल स्पीडला आली आणि बझर वाजला. पाठोपाठ इंजिन आपोआप मंद झालं. पॅराशूट खाली यायला लागलं आणि बाई सावकाश गळ्यापर्यंत समुद्रात उतरल्या. आम्ही दोर ओढून त्यांना बोटीत घेतलं. आमच्याकडे गिऱ्हाइकाचे पाय मुद्दाम एकदा पाण्यात बुडवतात, त्याला डिप म्हणतात. बाई केस पिळत म्हणाल्या, "माझ्या जावेचे नुसते पाय भिजवले होते. तुम्ही बाकी मनापासून बुडवलंत हं." आणि बोटीतच फोनवर पाच स्टार दिले.

"बघलंस? लोकांक आवडता," शेठ म्हणाले.

"पण शेठ, बझर वाजला. तेलाचं प्रेशर पडलं की इंजिन स्वतःला वाचवायला हळू होतं."

"वाजांदे. उद्या तेची वायर काप. गिरायकां घाबरतत."

"वारा असता आणि खाली खडक असते तर?"

"तू बोअरवेलवालो. तुका समुद्रातला काय कळता?"

हे खरं होतं, अडचण तीच होती. दुसऱ्या दिवशी एका कुटुंबाचं बुकिंग होतं, त्यात अकरा वर्षांची मुलगी. वायर कापली आणि काही झालं तर कापणारा हात माझा. नाही कापली तर बॅग भरायची.

संध्याकाळी चाचांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तेल बघतोस कधी?"

"सकाळी. रात्रभर मशीन तिरकं वर उचलून ठेवतो, खाऱ्या पाण्यात नको म्हणून. सकाळी खाली घेतो आणि बघतो."

"लगेच?"

"लगेच. शेठना घाई असते."

चाचांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं.

सकाळी ते चष्मा घेऊन बोटीवर हजर. "चाचा, तुमी हयसर कसे?" शेठनी विचारलं.

"तुझां मशीन बगूक इलंय."

चाचांनी मला मशीन खाली घ्यायला लावलं आणि पट्टी बुडवली. तेल कमी. शेठ म्हणाले, "घाल रे तेल."

"थांब. आदी चाय सांग," चाचा म्हणाले.

तिघांनी बसून चहा घेतला. मग चाचांनी परत पट्टी बुडवली. तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर. मशीन तिरकं असताना तेल वरच्या भागात जाऊन बसतं. खाली घेतल्यावर ते तळाच्या टाकीत परत यायला वेळ लागतो आणि जाड तेलाला जास्तच लागतो. मी रोज ते यायच्या आधी मोजत होतो आणि वर भर घालत होतो. इतकं तेल झालं की जोरात फिरणारा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, त्याला ताकासारखं घुसळतो आणि फेस होतो. फेसाला प्रेशर नसतं.

"पण उनात जाड तेल नको काय?" शेठनी विचारलं.

"बाबी, पाण्यात हात घाल. भाजता?"

शेठनी खरंच हात घातला. "नाय."

"तुझां मशीन ह्यांच पाणी ओढून थंड होता. तेका मे म्हयनो खंय म्हायती?"

सीटखाली कंपनीचं पुस्तक होतं, सील न फोडलेल्या पिशवीत. चाचांनी पिशवी फाडली, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. इंजिन सरळ करून थांबा, मग मोजा. तेल टेन-थर्टी. सगळं तिथे छापलेलं होतं.

शेठ माझ्याकडे वळले. "मगे तू काय करी होतंस रे?"

चाचाच म्हणाले, "तू सांगलंस ताच तेल घातल्यान. वायर मात्र कापल्यान नाय. तुझां नशीब."

शेठनी पुस्तक परत सीटखाली ठेवलं. मग म्हणाले, "तेल काड, हिंगोली."

त्या कुटुंबाला दुपारची वेळ दिली. तेल काढलं, फिल्टर बदलला, टेन-थर्टी भरलं. मुलगी वर गेली, पाय भिजवून हसत खाली आली. सीझन संपेपर्यंत बझर वाजला नाही.

आता शेठ किनाऱ्यावर सगळ्यांना सांगतात की मशीन समुद्राचं पाणी पितं, त्याला उन्हाचं काय. हा शोध त्यांचा स्वतःचा आहे. मी एवढंच शिकलो की तेल निवडताना अंगाला लागणारं ऊन बघू नये, इंजिन कशाने थंड होतं ते बघावं. आणि मोजण्याआधी थांबावं. नुसतं थांबलं तर शेठ आळशी म्हणतात, म्हणून मी चहा सांगतो.

चाचांची स्वतःची एक छोटी होडी आहे. तिचं इंजिन खोकतं. मी कितीदा म्हटलं, उघडून देतो, पण ते मला हात लावू देत नाहीत, अजून शीक म्हणतात. शिकतोय. एक दिवस ते इंजिन पूर्ण उघडून, नवं करून मी त्यांना देणार आहे. तेल कुठलं घालायचं ते मात्र त्यांनाच विचारीन.