नग आधी, हात मागून

पुंडलिकनगरात आमच्या घराच्या वरच्या खोलीत मी सर्किट बोर्ड तयार करते आणि दुसऱ्यांनी बिघडवलेले दुरुस्त करते. बिघडवलेलेच जास्त येतात. चार व्हिडिओ पाहून स्वतःला इंजिनिअर समजणाऱ्यांची या शहरात कमतरता नाही. त्यातला सर्वांत अस्सल नमुना मला चिकलठाण्यातल्या एका शेडमध्ये भेटला. तो मालकाचा भाचा होता. एवढीच त्याची पात्रता.

शेडमध्ये पत्र्यातून वॉशर कापणारी जुनी पॉवर प्रेस होती. ठोकळा दणकन खाली यायचा, वर जायचा, परत खाली. तिच्यावर गंगापूरहून येणारे एक चाचा बसायचे आणि पत्रा हातानं पुढं सरकवायचे. हात मध्ये गेला तर क्लच सुटून ठोकळा जागीच थांबावा, म्हणून समोर उजेडाचा सेन्सर लावला होता. यासाठी बाजारात तयार, खात्रीचं यंत्र मिळतं. पण घरात भाचा असताना ते कोण आणतंय! त्यानं स्वतःचा बोर्ड बनवला, आणि तो कधी चालतो, कधी अडकतो म्हणून मला बोलावलं.

मी बोर्ड पाहिला आणि डोकंच फिरलं. चिपला इंटरप्ट पिन असते. तिच्यावर हाक आली की चिपनं हातातलं काम टाकून आधी तिच्याकडं बघायचं. बाकीच्या पिनांना ती सवडीनं, एकेकीला विचारत जाते. भाच्यानं बोर्डावर अशी एकच इंटरप्ट पिन बाहेर काढली होती आणि ती दिली होती नग मोजणाऱ्या सेन्सरला. माणसाच्या हाताचा सेन्सर साध्या पिनेवर, रांगेत. मधल्या वेळात बोर्ड काय करत होता? प्रत्येक नगाचा आकडा मालकांच्या मोबाइलवर पाठवत होता. नेट हळू असलं की तिथंच ताटकळत बसायचा. तोवर हात गेला तरी त्याला पत्ता नाही.

"दोघांची अदलाबदल करते," मी म्हटलं आणि कटर काढलं.

"थांबा, थांबा!" मालक धावतच आले. "मग नग चुकंल ना एखांदा."

"आणि हात चुकला तर?"

"अहो, चाचा लई जुना माणूस हाये. हात कशाला जातोय मधी?"

भाच्यानं लगेच ज्ञान पाजळलं. "मॅडम, प्रोसेसर इतका फास्ट आहे, की दोन्ही एकाच वेळी होतं." त्याच्या तोंडावरचा तो शहाणपणा पुसून काढावासा वाटला. त्याऐवजी मी डब्यातली काकडी काढली आणि एका लांब पट्टीला बांधली.

प्रेस सुरू करायला लावली आणि पहिला ठोका पडायच्या आतच काकडी पुढं केली. ठोकळा अर्ध्यात थांबला. भाचा असा हसला की जणू त्यानं काकडीला जीवदान दिलं. साहजिक होतं. तोवर एकही नग झाला नव्हता, त्यामुळं पाठवायला आकडाच नव्हता. मग मी प्रेस चालू दिली, चाचांनी पत्रा सरकवला, नग पडू लागले, आणि चाचांना बाजूला करून मी काकडी परत पुढं केली. दणका बसला. अर्धी काकडी खाली पडली, आणि मालकांच्या खिशात मोबाइल वाजला. एक नग वाढला होता.

कोणाला तरी लाज वाटेल असं मला वाटलं होतं. मालकांनी मोबाइल काढून आकडा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. "काकडीला काय कळतंय, मॅडम? माणूस हात मागं घेतो ना! चाचा, या इकडं. घाला हात, दाखवा यांना."

चाचांनी फडक्याला हात पुसले. "हां सेठ," म्हणाले आणि खरोखर पुढं आले. मला त्या क्षणी मालकांची किळस आली. मी प्रेस आणि चाचा यांच्यामध्ये उभी राहिले.

"आधी तुमचा," मी मालकांना म्हटलं. "नाहीतर भाच्याचा. बोर्ड तुमचा, विश्वास तुमचा."

प्रेस चालूच होती. दण्, दण्. भाच्याला लॅपटॉपमध्ये एकदम काहीतरी महत्त्वाचं सापडलं. मालक ठोकळ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात हळूच पँटच्या खिशात घातला.

माणूस हात मागं घेतो, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. तो हात फक्त स्वतःचा असावा लागतो.

मी प्रेस बंद केली. हाताचा सेन्सर थेट क्लचला जोडला, वर इंटरप्ट पिनही त्यालाच द्यायची ठरवली आणि नगाच्या सेन्सरची वायर कापली. या वेळी कोणी थांबा म्हणालं नाही.