उतारमामांची गोधडी

गावात शिरलं की मामा आधी उतार शोधायचे. आमच्या फिरत्या दवाखान्याच्या डिझेल गाडीचे ते ड्रायव्हर. गाडीचं नाक उताराकडे करून चाकाला धोंडा लावला, की मगच तोंडात तंबाखू. बॅटरी म्हातारी, त्यात पौषातली थंडी. सकाळी इंजिन नुसतं कण्हायचं, उतारावर घरंगळली तरच गाडी सुरू व्हायची. म्हणून ते आमचे उतारमामा.

महिन्यातले वीस दिवस त्या गाडीतच आमचं बिऱ्हाड असे. डॉक्टरीणबाई आणि मी, नर्स, मागे बाकांवर. मामा पुढच्या सीटवर. त्यांच्याजवळ एकच गोधडी, तीही रात्री बॉनेटवर. मी रागवायची, तर म्हणायचे, "मले चहा पुरते बाई. इंजिनले चहा पाजू काय?" आणि पहाटे उठून तापवलेलं पाणी त्याच इंजिनात ओतायचे. आमच्या आंघोळी त्यानंतर, उरलं तर.

देवळीकडे एका बाईचं मूल अडलं होतं. पहाटे तिला गाडीत घेतलं, तर इंजिन ढिम्म. मामांनी लाथेनं धोंडा उडवून आत उडी घेतली, गाडी घरंगळली आणि अर्ध्या उतारावर धडधडली. वर्ध्याला बाळ-बाळंतीण दोघंही वाचली. मी कौतुक केलं, तर म्हणाले, "उतारानं नेलं. मी काय केलं?"

पुढे नजर अधू झाली आणि मामा तळेगावाजवळच्या आपल्या गावी गेले. त्याच हिवाळ्यात निरोप आला, छाती भरली आहे. आम्ही संध्याकाळी पोहोचलो. रोग्याला चालावं लागू नये म्हणून नव्या ड्रायव्हरनं गाडी थेट दारापुढे लावली, सपाट जागेवर. मला ते दिसलं. पण दोन दिवसांच्या फिरतीनं अंग मोडून आलं होतं. मी बोलले नाही. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि उजाडताच वर्ध्याला हलवायचं ठरलं.

उजाडलं. मामांना बाकावर निजवलं. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं.

"सपाटीवर लावली ना?" मामांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. मग अंगावरची गोधडी बाजूला सारली. "इंजिनले द्या."

मी ती परत पांघरली, त्यांनी परत सारली. पाणी तापवलं, गावानं धक्के मारले. गाडी सुरू झाली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आर्वी यायच्या आत मामा गेले.

अजूनही दाराशी कुणी गाडी लावली, की मी म्हणते, बाबा, उतारावर लाव. पोरं हसतात. हसू देत. त्या संध्याकाळी कितीही थकले असले, तरी एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं.