ऐंशीच्या दशकातली तीच ती पंचवीस गाणी

काल दुपारी वसईजवळच्या निर्मळ गावात, आमच्या घराच्या ओटीवर, एका रेडिओ स्टेशनने माझ्यावर उपकार केले. आणि याच स्टेशनला मी गेले दोन महिने शिव्या घालतेय!

पप्पांना दिवाळीनंतर पॅरॅलिसिसचा झटका आला. हात-पाय हळूहळू हलायला लागले, पण बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काहीतरी कानावर पडू द्या, बाकी वाट बघा.

पप्पांच्या ओळखीचं म्हणजे गाणी. वसई स्टेशनजवळ त्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणून द्यायचे. कॅसेटच्या शेवटी तीन-चार मिनिटं उरली की पप्पा तिथे कुणी न मागितलेलं, फारसं कुणाला माहीत नसलेलं गाणं भरायचे... आणि गिऱ्हाईक परत यायचं ते नेमकं त्याच गाण्याची चौकशी करत.

पुढे सीडी आल्या, दुकान बंद झालं, घरातल्या कॅसेटना बुरशी लागली. म्हणून मी एफएमवर फक्त ऐंशीच्या दशकातली गाणी लावणारं स्टेशन शोधलं आणि खूश झाले.

कसलं काय! अख्ख्या दशकातून यांच्याकडे गाणी मोजून पंचवीस. दात घासताना जे गाणं, तेच जेवताना, तेच चहाला. निवेदक मात्र रोज नव्या उत्साहाने ‘खजिना’ उघडतोय... कसला खजिना, मिसळणाचा डबा नुसता! मला मधल्या जाहिरातीसुद्धा पाठ झाल्या. मी चिडले की आई म्हणायची, “असू दे गं, आवाज तरी आहे घरात.”

काल अर्नाळ्याच्या मावशी मासे घेऊन आल्या. त्या दर खेपेला आधी पप्पांशी बोलतात, मग पाटी उतरवतात. “भाऊ, आज तरी बोला ना माज्याशी. ताजे बोंबील आनलेत.” पप्पा नुसते बघत राहिले.

तेवढ्यात रेडिओवर त्या पंचविसातलं एक डिस्कोचं गाणं लागलं, सकाळपासून तिसऱ्यांदा. आणि पप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या, तोंड वाकडं झालं. मला वाटलं... दुसरा झटका! हातातलं ताट टाकून मी त्यांना धरायला धावले.

तर त्यांनी बोट रेडिओकडे केलं आणि ओठ जुळवत जुळवत म्हणाले, “प...रत... हेच?”

मावशी पाटी तशीच सोडून पुढे आल्या. आई ओल्या हातांनी धावत आली, “काय म्हणाले? अगं, काय म्हणाले?” मी हसत होते की रडत होते, देवाला ठाऊक. पप्पांनी आणखी जोर लावला, “बंद... कर.”

नाही केला!

आज डॉक्टरांना फोन केला तर ते हसले. म्हणाले, “चिडतायत ना? चिडू द्या.” म्हणून रेडिओ चालूच आहे. आत्ता हे लिहितेय तर पुन्हा तेच डिस्को लागलंय, आणि पप्पा ओटीवरून मला नावाने हाक मारून ओरडतायत... झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकतेय मी.

रेडिओवाल्यांनो, पाया पडते तुमच्या... एवढ्यात नवीन गाणी आणू नका.